श्रीशिवछत्रपती आणि आमची बंदरे

श्रीशिवछत्रपतींचे चरित्र ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात शोधूनही सापडावयाचे नाही. प्रतापगडचा प्रसंग, पन्हाळ्याचा वेढा, आग्र्याहून सुटका आणि रायगडावरील राज्याभिषेक हे तर आपल्या मुलांस मुखोद्गत असतात. आम्ही स्वतः शाळेत अनेक वर्षे हेच धडे शिकविले. तथापि या चरित्राचे एक अंग शाळेच्या पुस्तकात दोन-चार ओळींत आटोपले जाते, आणि ते नेमके आपल्या प्रांताशी निगडित आहे. ते अंग म्हणजे महाराजांची बंदरे, त्यांचे आरमार आणि त्यांनी राखलेला सागरी व्यापार होय. ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आमच्या मनाने घेतले.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची मुळे वालावल व त्याच्या आसपासच्या गावांत आहेत. मुंबई, बेळगाव, पुणे येथे राहणारी मंडळी श्रीलक्ष्मीनारायणाच्या दर्शनास येतात, तळ्याच्या काठी क्षणभर बसतात आणि परत जातात. देवालयापासून थोडे पुढे गेले म्हणजे कर्लीची खाडी लागते. हे पाणी पुढे देवबागेपाशी समुद्रास मिळते. तेथून उत्तरेस मालवण आणि मालवणासमोर सिंधुदुर्ग. आज ही खाडी पाहून कोणास व्यापार आठवत नाही. परंतु रस्ते व आगगाडी नव्हती त्या काळी कोकणातील अवजड मालास पाण्याची वाट हीच मुख्य वाट होती. नारळ, सुपारी, काथ्या, मीठ, भात हा सर्व माल होडीतून खाडीने बंदरास जाई. वरघाटचा कापूस, कापड आणि धान्य बैलांच्या तांड्यांनी घाट उतरून खाली येई. बंदर म्हणजे या दोन वाटांची गाठ. ती गाठ ज्याच्या हाती, त्याच्या हाती प्रांताची तिजोरी, हे ज्या थोड्या राज्यकर्त्यांनी ओळखले त्यांत महाराजांची गणना अग्रभागी करावी लागेल.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. त्या वेळी पश्चिम समुद्रावर परकीयांचा अंमल पुरता बसला होता. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले होते आणि हिंदी जहाजांनी त्यांचा परवाना घेतल्यावाचून समुद्रात जाऊ नये असा दंडक घातला होता. या परवान्यास कार्ताझ म्हणत. तो नसेल तर जहाज व माल दोन्ही जप्त होत. जंजिऱ्यास सिद्दी होता. डचांनी १६३७ च्या सुमारास आपल्या वेंगुर्ल्यास वखार घातली होती आणि इंग्रज सुरतेत बसून राजापूर, कारवार येथील मिरी व कापडाकडे लक्ष ठेवून होते. दख्खनच्या सुलतानांना आणि दिल्लीच्या बादशहास जमिनीवर अपार सामर्थ्य होते. परंतु त्यांच्या मोठ्या जहाजांनासुद्धा परक्यांची मर्जी सांभाळून मक्केची वाट धरावी लागे. ही परिस्थिती बहुतेकांनी नशीब म्हणून स्वीकारली होती. महाराजांनी ती स्वीकारली नाही.

आरमाराचा आरंभ

१६५७ च्या अखेरीस कल्याण व भिवंडी महाराजांच्या हाती आली आणि मावळच्या राजास प्रथमच खाडीचे पाणी लाभले. त्यांनी लागलीच जहाजे बांधावयास काढली. या कामी रुय लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीजास व त्याच्या हाताखालील कारागिरांस त्यांनी नोकरीस ठेविले होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांस ही वार्ता लागताच त्यांनी १६५९ मध्ये त्या लोकांस फितवून परत नेले. एखादा उतावळा पुरुष येथेच हताश झाला असता. महाराजांनी किनाऱ्यावरील माणसांवर भिस्त ठेवली. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी हे पिढ्यान्पिढ्या समुद्रावर वावरणारे लोक त्यांच्या आरमाराचा कणा बनले. मायनाक भंडारी व दौलतखान या सेनानींची नावे इतिहासात अमर झाली आहेत. त्यांत हिंदू व मुसलमान हा भेद महाराजांनी पाहिला नाही. गुराबा, गलबते, तरांडी, शिबाडे, मचवे अशी लहानमोठी जहाजे सिद्ध झाली. लढाऊ गलबत हलके व वल्ह्यांवर चालणारे असे. भरसमुद्रात ते युरोपीय जहाजापुढे टिकत नसे. परंतु खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात व खडकांमध्ये ते मोठ्या जहाजास भारी पडे.

राजापूरची हकीकत मात्र आपण डोळे उघडे ठेवून वाचावी. हे बंदर आदिलशाहीचे व त्या काळी भरभराटीचे होते. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात असता राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा तोफा घेऊन सिद्दी जौहरच्या साह्यास गेला व आपले निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेल्या माणसाने युद्धात पक्ष घ्यावा, हा अपराध महाराज विसरले नाहीत. मार्च १६६१ मध्ये त्यांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि इंग्रजांस कैदेत टाकले. शेवटचे कैदी १६६३ मध्ये सुटले. या स्वारीत तेथील देशी व्यापाऱ्यांसही झळ पोचली, हे आपण नाकारू नये. सुरतेच्या बाबतीतही तेच. जानेवारी १६६४ मध्ये व पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये मोगलांचे हे सर्वांत श्रीमंत बंदर महाराजांनी लुटले. शत्रूची तिजोरी बंदरात भरते हे त्यांनी जाणले होते, म्हणून घाव तेथे घातला. परंतु त्या घावाखाली सामान्य सराफ व दुकानदारही आले. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना अशा गोष्टी झाकल्याने त्याची थोरवी वाढत नाही.

कुरटे बेट

१६६४ हे वर्ष आमच्या प्रांताच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगे आहे. त्या वर्षाच्या उत्तरार्धात महाराज कुडाळ प्रांती उतरले. विजापूरचा सरदार खवासखान चालून आला होता. त्याचा त्यांनी पराभव केला आणि मुधोळचा बाजी घोरपडे याच मोहिमेत मारला गेला. कुडाळ देशावर महाराजांचा शह बसला. त्यानंतर मालवणासमोरील कुरटे नावाचे खडकाळ बेट त्यांनी निवडले आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी तेथे किल्ल्याचा पाया घातला.

या निवडीतील मर्म पाहावे. बेटाच्या सभोवती पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत. माहितगार तांडेलावाचून तेथून जहाज नेणे म्हणजे ते फोडून घेणे होय. जे खडक परक्यास शत्रू, तेच घरच्या माणसास तट. पुन्हा, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर गोड्या पाण्याचे झरे लागले. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आजही यात्रेकरूंस दाखविल्या जातात. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगतात. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर व क्षेत्र सुमारे अठ्ठेचाळीस एकर आहे. महाद्वार तटाच्या वळणात असे दडविले आहे की, जवळ गेल्याखेरीज ते दिसत नाही.

बांधकाम १६६७ पर्यंत चालले. या तीन वर्षांत महाराजांवर काय काय ओढवले हे आठवावे. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. १६६६ मध्ये ते आग्र्यास अडकले आणि ऑगस्टमध्ये प्राण पणास लावून सुटले. राज्य राहते की जाते अशी अवस्था असता मालवणच्या बेटावर दगडावर दगड चढत होता. यावरून त्यांच्या मनात समुद्राचे स्थान किती वरचे होते हे कळून येते.

पाया घातल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज स्वतः मालवणाहून आरमारासह दक्षिणेस निघाले. तीन मोठी जहाजे व पंचाऐंशी गलबते त्यांच्याबरोबर होती. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील बसरूर हे संपन्न बंदर त्यांनी लुटले, गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन घेतले आणि कारवारवर खंडणी बसविली. ज्या काळी समुद्रप्रवास निषिद्ध मानणारे लोक समाजात होते, त्या काळी क्षत्रिय राजाने स्वतः जहाजावर पाय ठेवला, ही गोष्ट लहान नव्हे.

मीठ आणि मोख्याची जहाजे

आरमार हे केवळ लढाईसाठी नव्हते. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात या काळी उल्लेख येतो की, शिवाजीराजांच्या ताब्यातील आठ-नऊ प्रमुख बंदरांतून दरसाल दोन-तीन किंवा अधिक जहाजे इराण, बसरा व मोखा येथे व्यापारास जातात. मोखा हे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेले अरबस्तानचे बंदर. समुद्र पावसाळ्यात बंद असे. नारळी पौर्णिमेनंतर तो खुला होई, आणि वाऱ्याची दिशा पाहून जहाजे पश्चिमेस हाकारली जात व पुढच्या मोसमात परत येत. म्हणजे मावळातून निघालेला राजा पंचविशीनंतर समुद्र पाहतो आणि दहा वर्षांच्या आत त्याची जहाजे अरबस्तानात माल उतरवितात, असा हा पराक्रम आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहिला, तिच्याकडे वळू. डिसेंबर १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस एक पत्र पाठविले. विषय अगदी साधा, मिठाचा. गोव्यालगतच्या बारदेशात, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखात, मीठ स्वस्त मिळू लागले होते. त्यामुळे घाटावरचे व्यापारी आपले बैल घेऊन तिकडे वळू लागले आणि स्वराज्यातील संगमेश्वरच्या मिठास गिऱ्हाईक राहीना. महाराजांनी आज्ञा केली की, बारदेशाहून घाट चढून जाणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी. जकात किती, तर मिठाची किंमत, वाटखर्च व जकात मिळून ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे इतकी. हे न केले तर आपली बंदरे पडतील, असा इशाराही त्यांनी दिला.

हे पत्र आम्ही प्रथम वाचले तेव्हा थक्क झालो. शत्रूशी युद्ध पुकारावे, बारदेशावर फौज न्यावी, असे त्यात काही नाही. एक बैल घाट का चढतो आणि कोणत्या वाटेने चढतो याचा हिशेब राजा मांडतो आहे. व्यापारी स्वस्ताईकडे धावणार, हे तो जाणतो. त्यास तो दोष देत नाही. मिठासाठी गेलेला तांडा येताना कापड व धान्य घेऊन जातो, आणि जेथे मीठ घेतो तेथेच तो माल विकतो, हे आम्हा कोकणवासीयांस सांगावयास नको. मिठाचे गिऱ्हाईक गेले की मागोमाग सर्व उदीम जातो. उदीम गेला की खलाशी रिकामा बसतो. आणि खलाशी नसला तर आरमार कोठून आणावे? आजकाल देशोदेशींची सरकारे आपल्या मालाच्या रक्षणार्थ आयातीवर कर बसवितात व त्यावर मोठी चर्चा होते. आपल्या कुडाळच्या कचेरीत साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच व्यवहार झाला होता.

दुसरे एक पत्र जानेवारी १६७५ चे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यांस लिहिलेले आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्यासाठी महाराज समुद्रात पद्मदुर्ग उभारीत होते. तेथील आरमारास द्यावयाचा पैसा व धान्य या अधिकाऱ्याने वेळेवर पोचविले नाही. महाराजांनी त्याची अत्यंत कठोर शब्दांत कानउघाडणी केली; शत्रूस सामील झालास की काय असे विचारले, आणि ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही असे बजाविले. ज्ञातीच्या स्मरणिकेत हा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. जातीचा अभिमान धरावा. परंतु कर्तव्यात कसूर झाली असता जात ही ढाल होऊ शकत नाही, हा धडा आपणा सर्वांस घेण्याजोगा आहे.

टोपीकरांशी करार

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन आला होता. इंग्रजांच्या बाजूने दुभाषाचे काम नारायण शेणवी या गृहस्थाने केले. तो त्यापूर्वीही बोलण्यासाठी रायगडी जाऊन आला होता. दोन सत्तांमधील बोलणी ज्याच्या जिभेवर अवलंबून होती तो आपल्या कोकणातील शेणवी असावा, याचे आपणांस कौतुक वाटेल. आणि ती जीभ परक्यांच्या चाकरीत होती, याचा विचारही मनात आल्यावाचून राहणार नाही.

वीस कलमांचा करार झाला. राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होन, तेही काही अंशी माल व जकातीच्या सवलतीच्या रूपाने, देण्याचे महाराजांनी मान्य केले. इंग्रजांनी राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारी घालाव्या आणि आणलेल्या मालावर शेकडा अडीच जकात द्यावी असे ठरले. परंतु दोन कलमांवर महाराज प्रथम अडले. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, ही एक मागणी. फुटून किनाऱ्यास लागलेली त्यांची जहाजे त्यांस परत मिळावीत, ही दुसरी. नाण्याचे मोल लोक त्यातील धातू पाहून ठरवितील, त्यासाठी राजाज्ञा नको, अशी त्यांची भूमिका होती. आणि किनाऱ्यास लागलेल्या जहाजाविषयीचा कोकणचा जुना रिवाज एका परक्यासाठी मोडला तर दुसरेही तेच मागतील, ही दुसरी अडचण. परक्यांचा व्यापार हवा, परंतु बंदरातील हुकूम आपला, ही त्यांची धारणा यातून स्पष्ट होते.

याच धोरणाचा एक उदात्त दाखला १६७७ च्या कर्नाटक मोहिमेतील आहे. पूर्व किनाऱ्यावरील बंदरांत डच व्यापारी माणसांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करीत. महाराजांनी त्यांस व्यापाराचा कौल दिला. परंतु आपल्या राज्यात स्त्री-पुरुषांचा हा बाजार चालणार नाही अशी अट घातली. इतर सर्व मालास बंदर खुले, माणसास नाही. जगातील थोर म्हणविणारी राष्ट्रे या व्यापारावर गबर होत होती, त्या काळातील ही आज्ञा आहे.

अखेरचा प्रयत्न व पुढील काळ

जंजिरा मात्र महाराजांस अखेरपर्यंत मिळाला नाही. तेव्हा १६७९ मध्ये त्यांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारीच्या हातून तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रज अस्वस्थ झाले. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी समुद्रात लढाई झाली आणि इंग्रजांचे डोव्ह नावाचे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकाविले, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. यानंतर थोड्याच महिन्यांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

त्यांनी पेरलेले बी वाया गेले नाही. कान्होजी आंग्रे यांनी पुढे समुद्रावर असा दरारा बसविला की, इतरांनीच मराठ्यांचे दस्तक घ्यावे. परंतु घरची फूट आड आली. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांवर मोहीम केली आणि विजयदुर्गच्या बंदरात मराठ्यांचेच आरमार जळाले. १८१२ मध्ये मालवण आणि वेंगुर्ले इंग्रजांच्या हाती गेले. वेंगुर्ले बंदर एकोणिसाव्या शतकात आंबोली घाटाच्या रस्त्यामुळे भरभराटले. पण मुरगावास आगगाडी पोचताच घाटावरचा माल तिकडे वळला. मिठाच्या पत्रात महाराजांनी जे भय दाखविले होते, ते अशा रीतीने दोनशे वर्षांनी खरे ठरले. वाट वळली की बंदर पडते.

आज सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग व खांदेरी हे जलदुर्ग, इतर मराठा किल्ल्यांसह, जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण येथे प्रचंड बंदराची पायाभरणी झाली. देश पुन्हा समुद्राकडे पाहू लागला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र बंदर म्हणजे केवळ धक्का नव्हे. त्याच्या मागे घाटवाट लागते, पदरी घरचा खलाशी लागतो आणि कचेरीत आपले काम वेळेवर करणारा अधिकारी लागतो. महाराजांनी या तिन्हींकडे जातीने लक्ष दिले, म्हणून त्यांची बंदरे नांदली.

शेवटी सभासद कुटुंबांस एक विनंती करून ही लेखणी ठेवितो. आपल्या जुन्या घरांतून माळ्यावर, पेट्यांतून, देव्हाऱ्यामागे कीर्दी-खतावण्या, जकातीच्या पावत्या, होडीच्या भाड्याचे हिशेब पडून असतील. कर्लीच्या खाडीने कोणता माल गेला, कोणत्या भावाने गेला आणि कोणी नेला, हे त्या कागदांतच सापडेल. घर पाडताना अथवा विकताना हे कागद वाळवीच्या वा विस्तवाच्या स्वाधीन करू नयेत. ते जाणत्या माणसास दाखवावेत व त्यांची नक्कल करून ठेवावी. मिठाचे एक पत्र कोणीतरी जपून ठेविले, म्हणूनच कुडाळ प्रांताची एवढी मोठी गोष्ट आज आपणांस कळली आहे.